दुसरा फटका

मंगळवार, संध्याकाळ

आज धाकट्या भावाला, विल्सनला, मी वल्ह्याने मारलं. भरतीचं पाणी पुन्हा आईच्या स्वयंपाकघरात घुसलं होतं, आणि हा पाणी अडवणाऱ्या तिवरांच्या झाडांवरच बांधकामाच्या डेब्रिजचा डंपर रिकामा करून आलेला. पहिल्या फटक्यात ओठ फाटला. रक्त थुंकत म्हणाला, "माझ्या एका डंपरने दर्या चढला? तू बोटीत रोज डिझेल जाळतोस, ते काय हाय?"

मी वल्हं पुन्हा उचललं. दुसरा फटका, डोक्यात. पहिला रागाचा, कबूल. पण दुसरा? तो खरं बोलला म्हणूनच ना? आई किंचाळत मध्ये पडली नसती, तर थांबलो असतो का मी?

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कोणी मारलं?"

"पडलो," विल्सन म्हणाला.

मी मान डोलावली.