तेवीस शिड्या

काळेमळा, ता. कर्जत
मंगळवार, ३ जून २०२५

ति. मेरीआक्का हिला,
कृपादानचा सप्रेम सलाम.

गुडघ्याला आता कसं आहे? आमच्या जोशुआने पाठवलेलं तेल लावतेस ना, की कपाटात ठेवून दिलंस? आम्ही बरे आहोत. तुझी भावजय जेनिफर हिचं कैरीचं लोणचं घालून झालं. तुझी बरणी बाजूला काढून ठेवली आहे.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच "देव बघून घेईल" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. यावेळी शेवटपर्यंत सांगायचं आहे.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा मी "चांगला लागला" म्हणालो. ते खोटं होतं. आमच्या शाळेत एका खोलीत चोवीस मुलं बसली होती. त्यांतल्या तेवीस जणांचा निकाल बोर्डाने राखून ठेवलाय. गणिताच्या पेपरात त्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली. परवा गुरुवारी पुण्याला चौकशी आहे. मुलांनी आपसात कॉपी केली असं ठरलं, तर पुढच्या दोन परीक्षांना बसता येणार नाही. कुणी मोठ्या माणसाने उत्तरं सांगितली असं ठरलं, तर फक्त गणित पुन्हा द्यावं लागेल, असं तिथल्या एका साहेबांनी तोंडी सांगितलं. तेवीस जणांचं पुढचं शिक्षण गुरुवारवर अडकलंय.

चोविसावी मुलगी संस्कृती. मला खरं तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

तिची आई रतनबाई मिरजगावच्या रस्त्याला भज्यांचा गाडा चालवते. पोरगी शाळेआधी तिथे कांदे चिरते, त्यामुळे पहिल्या तासाला डोळे कायम लाल. गणितात काही फार हुशार नाही. पण पटल्याशिवाय पुढची पायरी लिहीत नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, सूत्र आहे ते. पाठ कर." तर म्हणते, "पाठ करून केलं की माजी भजी पन बिघडत्यात, सर." सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

पेपरच्या दिवशी लाईट नव्हती, म्हणून कॅमेरे बंद होते. शेवटच्या अर्ध्या तासात पर्यवेक्षक दाराबाहेर उभे राहिले आणि खोलीत उत्तरं सांगितली गेली. एक गणित शिडीचं होतं. शिडी भिंतीला पंधरा फुटांवर टेकली आहे, तिचं खालचं टोक भिंतीपासून आठ फुटांवर आहे, तर शिडी किती लांब? वर्गांची बेरीज करायची. घाईत वजाबाकी झाली आणि उत्तर सांगितलं गेलं, बारा पॉइंट सात फूट. तेवीस जणांनी मान खाली घालून लिहिलं. संस्कृतीने पेन खाली ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "भिंतीला पंधरा फुटावर टेकलीय, मग शिडी बारा फुटाची कशी आसंल, सर?"

मी म्हणालो, "गप. लिही."

हो, आक्का. मीच.

मला कुणी धमकावलं नव्हतं. गेटवर शंभर टक्क्यांचा फलक लावायचा होता, आणि पोरं माझी होती. एवढंच.

तिने सतरा लिहिलं. मी सांगितलेलं बाकीचंही काही लिहिलं नाही. जे येत नव्हतं ते कोरं सोडलं. त्रेचाळीस मार्क पडले. तक्रार कुणीच केली नव्हती. भिंतीपेक्षा बुटक्या तेवीस शिड्या पेपर तपासणाऱ्याला दिसल्या, इतकंच झालं. पण निकाल एकटीचाच लागला म्हटल्यावर गावाने ठरवलं की चुगली तिचीच. गाड्यावरचं गिऱ्हाईक कमी झालं. हर्षल नावाचा मुलगा त्या तेविसांत आहे. त्याचे वडील काकासाहेब गाड्यासमोर उभं राहून म्हणाले, "रतनबाई, तुजी पोरगी लई सरळ निघाली. आमच्या पोरांच्या नरड्यावर पाय दिऊन सरळ." मी तिथेच चहा पीत होतो. कप ठेवला आणि निघून आलो.

शाळा समितीचे मच्छिंद्र घरी येऊन गेले. "सर, तुमी तोंड उघडू नका. पोरं म्हनत्याल, आमी एकमेकाचं बघितलं. तुमची पाच वर्सं ऱ्हायलीत, पेन्शन हाय." मी मान डोलावली.

रविवारी आम्ही चर्चमधून परतलो, तर संस्कृती फाटकाशी उभी. मला वाटलं, स्वतःवरचा आळ दूर करा म्हणेल. ती म्हणाली, "माजं सोडा, सर. लोकं काय, आज म्हनत्यात, उद्या इसरत्यात. पर हर्षलनं कबुलीचा कागद लिवलाय. मी वाचला. त्यात तुमचं नावच न्हाई. तेवीस जनांनी तसाच लिवलाय, शब्दाला शब्द." मग म्हणाली, "तुमाला वाचवाया लिवलाय, सर. तुमी सांगाल तसंच लिवत्यात ती. ह्या टायमाला तरी बरोबर सांगा की."

आवाजात राग नव्हता, आक्का. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ज्या पोरांचे आईबाप तिला गावात मान वर करू देत नव्हते, त्यांचं वर्ष वाचवायला ती उन्हातून चालत आली होती. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ पहिले नंबर गेले. हिच्याएवढं मोठं कुणी पाहिलं नाही.

आज सकाळी जबाब लिहिला. बोर्डाच्या आधी गावाला सांगणं भाग होतं, म्हणून गाड्यावर गेलो आणि चार माणसांत मोठ्याने वाचला. उत्तरं मी सांगितली. चूक माझी पकडली गेली. या मुलीने कुणाचीही तक्रार केलेली नाही.

काकासाहेब खाली बघत राहिले. रतनबाई झाऱ्याने भजी उलटत होती. ती वर न बघता म्हणाली, "तीन आठवडं लागलं व्हय मास्तर, येवढं वाचाया?"



संस्कृतीने हात पुसले, हर्षलला फोन लावला आणि म्हणाली, "फाड रं तो कागद. समद्यांला सांग."

परवा मुलांबरोबर मीही पुण्याला जातोय. निलंबन येईल, कदाचित पोलीसही. जेनिफरला काल सांगितलं. ती रडली, मग गाडी किती वाजताची ते विचारलं. लोकांकडून तुझ्या कानावर येईल, त्याआधी माझ्याकडून यावं म्हणून हे पत्र.

प्रार्थनेत माझ्या नोकरीसाठी काही मागू नकोस. त्या तेवीस पोरांसाठी माग. संस्कृतीसाठी मागायची गरज नाही, तिच्याबद्दल आभार मान.

तिचा शिक्षक म्हणवून घ्यायला अजून धजत नसलेला,
तुझा धाकटा
कृपादान