साकेत नगरची नोकरी

पिपलानी, भोपाळ
१० जानेवारी २०१६

ती. सौ. सिंधूताईस,
शशीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येईना म्हणून आपण पुन्हा पत्रांवर आलो. मला त्याचं बरंच वाटतं. फोनवर तू मला बोलूच देत नव्हतीस.

हे जूनअखेर रिटायर होतील आणि मग कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागेल. तुम्ही नागपूरला वरचा मजला देऊ केलात, यांना ते पटलंय. मला नाही, ताई. रागावू नकोस. मी इथेच नोकरी शोधते आहे.

दिवाळीनंतर यांच्या डोळ्याचं ऑपरेशन साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं, तेव्हा पांढुर्ण्याची एक म्हातारी भेटली. नवरा आत वॉर्डात, ही दोन दिवस पोर्चमध्ये गोणपाटावर. मागच्याच गल्लीत धर्मशाळा आहे, हे तिला माहीत नव्हतं. हिंदीत विचारायची तिला भीती वाटे. मी मराठीत बोलले तर माझा हातच सोडीना. तिला धर्मशाळेत पोचवलं आणि तिथेच कळलं की तिथले व्यवस्थापक उन्हाळ्यात काम सोडणार आहेत. ती जागा मला हवी आहे. कॉम्प्युटर यायला पाहिजे म्हणतात, म्हणून पिपलानी मार्केटात क्लास लावलाय. वर्गात सगळी माझ्या भाचरांच्या वयाची.

हे मात्र गप्प आहेत. लोक म्हणतील, अच्युत रिटायर झाला आणि बायकोला कामाला धाडलं, असं एकदाच बोलले.

सर्वांना नमस्कार. माया आहेच, ती असू दे.
तुझी शशी


नागपूर
२ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. शशीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजीत पडले. बावन्नाव्या वर्षी तुला हे काय सुचलं? गुडघे तुझे दुखतात, जिना चढताना देवाचं नाव घेतेस. अच्युतरावांनी आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केलं, आता त्यांना सोबत हवी, निवांतपणा हवा. याचाही विचार कर.

तरी तू ऐकायची नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून शाळेत इतकी वर्षं माणसं नेमली त्यावरून सांगते. मुलाखतीला घरची अडचण सांगू नकोस. तुला काय येतं ते सांग. आणि पगाराचं तूच आधी विचार. बायका तिथेच लाजतात.

वरच्या मजल्याचं रंगकाम मात्र मी थांबवलेलं नाही, हे लक्षात ठेव.

अच्युतरावांना नमस्कार. तब्येतीला जप.
तुझी ताई


पिपलानी, भोपाळ
२४ एप्रिल २०१६

ती. सौ. सिंधूताईस,
शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली नाही. धर्मशाळेच्या ट्रस्टचे सेक्रेटरी मनोहरजी फार गोड बोलले. चहा दिला, माझं मराठी-हिंदी दोन्हीचं कौतुक केलं आणि म्हणाले की पगारावर आम्ही तरुण मुलगा घेतोय, आप सेवा के लिए आ जाया कीजिए. मी म्हटलं, "सेवा तो तीस साल घर में की है, भाईसाहब. अब नौकरी चाहिए." ते हसले. मी नाही हसले.

बसमध्ये रडू आलं, खोटं कशाला सांगू. एका नर्सिंग होमच्या रिसेप्शनलाही वय ऐकून फॉर्म परत दिला. घरी येऊन यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, झाली ना हौस? पण त्या सेवेच्या गोष्टीवरून हे इतके चिडले की ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि विचारलं, आता पुढे कुठे जायचं? ताई, एवढ्या महिन्यांत यांनी पहिल्यांदा विचारलं.

पुढचं ठरवलंय. हे रोज सकाळी मला स्कूटरवर हॉस्पिटलला सोडतात. मी पोर्चमध्ये बसते, बाहेरगावच्या लोकांशी बोलते. मुलताई, बैतूल, बुऱ्हाणपूर, कुठून कुठून येतात. निम्म्यांना धर्मशाळेचं नावही माहीत नाही, आणि तिथे खोल्या रिकाम्या. मनोहरजींकडे मी पुन्हा जाणार आहे, पण यावेळी जागा मागायला नाही. काम काय आहे ते सांगायला.

रंगकामाबद्दल रागावू नकोस. आशीर्वाद दे.
तुझी शशी


अवधपुरी, भोपाळ
७ ऑगस्ट २०१६

ती. सौ. सिंधूताईंस,
अच्युतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शशीने लिहायचं, पण ती घरी येते ती दमूनच, म्हणून मी लिहितो. क्वार्टर सोडून आम्ही इथे भाड्याने राहतो. घर लहान आहे, हवा छान आहे.

मेमध्ये ती मनोहरजींकडे गेली तेव्हा मी बाहेर थांबलो होतो. दार उघडंच होतं. तिने सांगितलं की तुमच्या खोल्या रिकाम्या आणि माणसं पोर्चमध्ये झोपतात, मधे कोणीतरी बसायला हवं, मी बसेन. तीन महिने ठेवा, पगार द्या, खोल्या भरल्या नाहीत तर मी आपणहून जाईन. त्यांनी खोल्यांचं रजिस्टर उघडून पाहिलं. मग त्यांनी महिन्याचा आकडा सांगितला. तिने तो वाढवून मागितला. मी बाहेर घामाघूम.

गेल्या आठवड्यात त्यांनी तिला कायम केलं. हॉस्पिटलच्या दाराशी टेबल आहे, धर्मशाळेचा बोर्ड आहे. खोल्या भरलेल्या असतात, आता गाद्या वाढवायच्या गोष्टी चालल्या आहेत. गुडघे दुखतात, पण त्याबद्दल विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करते. नागपूरला आम्ही दिवाळीत येऊ, तिची रजा मंजूर झाली तर.

दुपारी मी डबा घेऊन जातो. मंगळवारी तिच्यासमोर बरीच गर्दी होती, म्हणून बाकावर बसलो. शेजारी बुऱ्हाणपूरचे एक गृहस्थ होते. त्यांनी आपुलकीने विचारलं, तुमचं कोण ऍडमिट आहे? मी म्हटलं, "कोणी नाही. मी या ताईंच्या घरचा." ते लगेच उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला.

आपली माया आम्हा दोघांवर अशीच असू द्यावी.
आपला,
अच्युत