फळा कोणत्या भिंतीवर?

बारामती,
१ डिसेंबर २०२४

ति. आत्यास,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, नोकरीचा अर्ज आहे का. आत्याला पत्र पाठवायचंय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. तुझं म्हणणं, फोनवर मी नुसती हो हो करते आणि विसरते. कागदावर लिहिलं की पळता येत नाही. ठीक आहे, आता तूही पळू नकोस.

आमच्या अध्यापक महाविद्यालयातल्या आम्ही काही जणींनी 'खुला फळा' नावाची वेबसाइट काढली आहे, हे तुला मामांनी सांगितलंच असेल. शिक्षकांनी आपले पाठ, चित्रं, खेळ तिथं ठेवायचे. कुणीही फुकट घ्यावेत, आपल्या वर्गाला लागतील तसे बदलावेत, फक्त मूळ कुणाचं ते खाली लिहावं. नियम एवढाच. पण आत्या, ठेवायला कुणी तयार होत नाही. एक सर म्हणाले, माझ्या चुका जगाला कशाला दाखवू. एक बाई म्हणाल्या, दुसऱ्याचा पाठ घेतला तर लोक म्हणतील हिला स्वतःला काही येत नाही. जे घेतात तेही शेजारच्या झाडाचे पेरू तोडावेत तसे इकडेतिकडे बघत घेतात.

तर मुद्दा तुझ्या पलंगाखालच्या हिरव्या ट्रंकेचा. तुझे पाठ, तक्ते, म्हणजे तुझी शाळेतली सगळी नोकरी तिच्यात आहे. येत्या मे अखेरीस तू निवृत्त होणार, आणि ट्रंक माळ्यावर जाणार. मग तिच्यातलं उंदरांखेरीज कुणी वाचणार नाही. मला ते बघवणार नाही, म्हणून स्पष्टच मागते: ट्रंक दे.

मामांना नमस्कार. त्यांना साखर बंद आहे, तेव्हा लाडवांचा डबा उंच ठेवत जा.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी भाची,
उत्कर्षा


शेळगाव,
९ डिसेंबर २०२४

चि. उत्कर्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायाचं आहे, शिक्षकांना शिकवायला लागलीस तरी. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि लाडवांच्या ओळीपाशी आल्यावर म्हणाले, पोरगी फितूर झाली.

ट्रंक मिळणार नाही. कारण तुला माहीत आहे, तरी कागदावर हवं म्हणून लिहिते. तू शाळेत जायला लागली असशील तेव्हाची गोष्ट. उसाच्या कांडीपासून साखरेच्या पोत्यापर्यंतचा तक्ता मी खपून केला होता. एका गुरुजींनी दोन दिवसांसाठी म्हणून नेला आणि तालुक्याच्या प्रदर्शनात त्याच तक्त्याला बक्षीस लागलं. खाली नाव त्यांचं. माझं नाव होतं त्या जागी त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती आणि पट्टीच्या कडेनं माझ्या अक्षरांची शेपटं दिसत होती. मी टाळ्या वाजवल्या, घरी आले आणि भाकरी थापताना रडले. त्या दिवसापासून ट्रंकेला कुलूप आहे. तुझ्या वेबसाइटवर तर पट्टीसुद्धा लागायची नाही, बोटानं पुसलं की संपलं.

आता तू रुसशील, आणि रुसलेली भाची संक्रांतीला येत नाही, म्हणून एकच पाठ परीक्षेपुरता पाठवते. तिसरीच्या परिसर अभ्यासाचा, दिशांचा. नकाशा आहे आणि सोबत कृती लिहिली आहे. मुलं सकाळच्या उन्हाकडे हात करतात आणि मग नकाशातली गावं दाखवतात. आमच्या गेणबाच्या मळ्यातल्या शाळेत हा पाठ कधी फसलेला नाही. माझं नाव खाली ठळक लिही. पुसलं गेलं तर तुझे कान माझ्या हातात.

आमच्या वर्गाचे पत्रे गळतात, ते बदलायला मंजुरी आलीय म्हणे. मी असेपर्यंत होतील असं काही वाटत नाही.

तुझ्या येण्याची वाट आणि तिळाची डबी, दोन्ही तयार आहेत.

तुझी,
आत्या


शेळगाव,
२० जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद, पण आज जरा कमीच.

माझा पाठ आजच्या आज काढून टाक.

शनिवारी आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. चहाच्या वेळी शेजारच्या केंद्रातला किस्सा निघाला. तिकडच्या एका शाळेत साहेब आले आणि मुलांना विचारलं, इंदापूर कुठं हाय? सगळ्या वर्गानं एका दमात हात केला, तो बारामतीकडं. साहेबांनी पुन्हा विचारलं, तर मुलांनी आणखी जोरात हात केला. तेवढ्यात खिडकीतून रस्त्यावरची इंदापूरची एस.टी. उलट्या बाजूला जाताना दिसली. आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसले. मग एकीनं मोबाइलवर त्या फळ्याचा फोटो दाखवला. नकाशा माझा होता, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: मूळ पाठ, राजेश्वरी शिंगाडे, शेळगाव.

मी चहाचा कप खाली ठेवला. चूक कुठं झाली ते तिथंच उमगलं. आमच्या वर्गात फळा दक्षिणेच्या भिंतीवर आहे. मुलांची तोंडं दक्षिणेला, म्हणजे डावा हात पूर्वेला. म्हणून मी नकाशा मुद्दाम फिरवून काढते, दक्षिण वर, इंदापूर डावीकडे, बारामती उजवीकडे. मूल नकाशाकडे बघून हात करतं तो खरोखर त्या गावाच्याच बाजूला जातो. आणि कृतीत मी लिहिलं होतं, डावीकडच्या खिडकीतून ऊन येतं तिकडे इंदापूर. फळा कोणत्या भिंतीवर ते लिहिलंच नाही. आपल्या वर्गात आपल्याला भिंत सांगावी लागते का? त्या शाळेत फळा उत्तरेला असणार.

मामांना सांगितलं तर म्हणाले, आगं, नकाशा उलटा न्हाय, बायकूच उलटी हाय. वर म्हणतात, तवा नाव पुसलं म्हणून रडलीस, आता नाव पुसा म्हणून रडतीयास, तुला नक्की काय पायजेल? मी त्यांच्याशी बोलत नाही.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना सगळा तालुका हसला. एवढ्या वर्षांचं नाव एका दुपारीत गेलं. उरलेली ट्रंक माझ्याबरोबरच जाऊ दे.

तरीही तुझं बरं चिंतणारी,
आत्या


बारामती,
२४ जानेवारी २०२५

ति. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि दोन्ही कान सोबत.

पाठ झाकून ठेवला आहे; तू हो म्हणेपर्यंत कुणाला दिसणार नाही. चूक निम्मी माझी. मी तो वाचला, टाइप केला, आणि इथं बसून मलाही भिंत दिसली नाही. पण पुसून टाकण्याआधी एक पत्र येईल, ते वाच. ज्या बाईंच्या वर्गात ते झालं त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी सांगितलं की आत्या फक्त कागदाला उत्तर देते. त्या म्हणाल्या, मग तर बरंच, फोनवर बोलायला मला लाज वाटली असती.

एक मात्र लक्षात घे. तुझं नाव त्यांनी पुसलं नव्हतं.

मामांशी बोल गं. त्यांचं चुकलं असलं तरी हसू येतं.

ओरडा खायला केव्हाही हजर,
उत्कर्षा


वालचंदनगर,
२६ जानेवारी २०२५

आदरणीय राजेश्वरीबाईंना,
नौशीन मुलाणीचा आदाब आणि नमस्कार.

तुमच्या नावाला माझ्या वर्गातून धक्का लागला, त्याची माफी मागते. मी जूनमध्ये औशाकडून बदली होऊन इकडच्या एका वस्तीशाळेवर आले. इथं इंदापूर कुठल्या बाजूला हे मला स्वतःलाच बसच्या पाटीवरून कळतं. तुमचा पाठ सापडला तेव्हा हायसं वाटलं. वाचताना वाटलं, कुणी मोठी बहीण शेजारी बसून सांगते आहे.

आमच्या वर्गात फळा उत्तरेला आहे. तुम्ही लिहिलं होतं, डावीकडच्या खिडकीतून ऊन येतं. मी पाठ घेतला दुपारच्या सुट्टीनंतर. डावीकडच्या खिडकीतून खरंच ऊन येत होतं! मावळतीचं होतं, एवढंच. सकाळचं ऊन हे शब्द कृतीत पहिल्याच ओळीत होते, ते मी घाईत ओलांडले. एकदा शंका आली होती, पण अनुभवी बाईंचा पाठ आपण कसा बदलायचा, असं वाटलं. दुसऱ्याच्या ताटातल्या भाजीत आपण मीठ घालतो का? बदलायची मुभा आहे हे खाली लिहिलेलं मी वाचलं होतं, पण ते मनापासून लिहिलंय असं वाटलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं की पाठ उत्तम आहे, मी तो न बघता लावला. ते हसले, मुलंही हसली. फोटो कुणी पाठवला माहीत नाही.

आता धीर करून मागते. तो पाठ पुसू नका. मला तो आमच्या भिंतीसाठी फिरवू द्या. मी असं करून पाहिलं: मुलांना आधी सकाळी पटांगणात नेलं, नकाशा मातीत आडवा काढला, खरंच जिकडे इंदापूर तिकडे इंदापूर. मुलं त्याच्याभोवती फिरली, कुठूनही बघा, गाव जागचं हलत नाही. मग आत येऊन फळ्यावर काढला. माझ्या वर्गात काम झालं. तुमची परवानगी असेल तर तुमच्या नावाखाली माझं लहान अक्षरात लिहीन. नको असेल तर नुसतं तुमचंच राहू द्या.

तुमच्या पाठानं ओळख झालेली,
नौशीन


शेळगाव,
३० जानेवारी २०२५

चि. नौशीनबाईंस,
आशीर्वाद.

फिरवा. भाजी अळणी असेल तर मीठ घालावंच लागतं.

राजेश्वरी शिंगाडे


शेळगाव,
१० मार्च २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद, मागची बाकी धरून.

नौशीनबाईंना लिहिलेलं माझं पत्र त्यांनी तुला दाखवलं आणि तू मला माणूसघाणी म्हणालीस, असं मामा सांगतात. दोनच ओळी लिहिल्या, कारण तेव्हा राग पुरता उतरला नव्हता. मी मनात म्हणत होते, कालची आलेली पोरगी माझा पाठ सुधारणार. आता पुढचं ऐक, आणि हसणार असशील तर बसून हस.

पत्रे बदलायला माणसं खरंच आली. आमचा तिसरीचा वर्ग पलीकडच्या खोलीत हलवला. त्या खोलीत फळा उत्तरेच्या भिंतीवर आहे. पहिल्याच दिवशी उजळणी म्हणून मी विचारलं, इंदापूर कुठं? माझ्या सगळ्या वर्गानं डावा हात केला. सरळ बारामतीकडं! साहेब नव्हते हे नशीब. तेवढ्यात सृष्टी उठली आणि म्हणाली, बाई, पण सकाळचं ऊन तर हिकडनं येतंय की. सगळी मुलं खिडकीकडे बघायला लागली आणि मी फळ्याकडे.

उत्कर्षा, मला फार वाईट वाटलं. लोक हसले तेव्हाच्यापेक्षा जास्त. मी पूर्व शिकवते असं समजत होते, आणि मुलं डावा हात शिकत होती. भिंत बदलेपर्यंत ते मला दिसायचा मार्गच नव्हता. माझ्या खोलीत माझा पाठ कधी फसला नाही, कारण तो माझ्या खोलीबाहेर कधी गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना पटांगणात नेलं. नौशीनबाईंनी लिहिलंय तसा नकाशा मातीत आडवा काढला. आमच्या शाळेत मोकळं मैदान कमी आणि हरभऱ्याचा वाफा जास्त, म्हणून मी गावांच्या जागी विटा ठेवल्या आणि मुलांना एका विटेवरून दुसरीकडे चालत पाठवलं. हे माझं मीठ. तेही तिथं लिही. आत आल्यावर फळा नको म्हटलं, डोळे मिटायला लावले, जागच्या जागी गोल फिरवलं आणि उन्हाच्या अंदाजानं इंदापूर दाखवायला सांगितलं. दोघं आपटली, बाकीच्यांचे हात बरोबर गेले.

मग फळ्याच्या कोपऱ्यात, जिथं मी विषय आणि तारीख लिहिते, तिथं लिहिलं: पाठ, नौशीन मुलाणी यांचा. माझ्या फळ्यावर दुसऱ्या बाईचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं. खडू हातात धरून जरा वेळ उभी राहिले, खोटं कशाला सांगू. सृष्टीनं विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, माझी मैत्रीण. तोवर आम्ही भेटलोही नव्हतो. काल रविवारी ती घरी आली. दोघी मिळून पाठाची पहिली ओळ नव्यानं लिहिली: आधी आपल्या वर्गात फळा कोणत्या भिंतीवर आहे ते बघा. खाली तिचं नाव माझ्याएवढ्याच अक्षरात घातलं. ती नको नको म्हणत होती. मामा तिला म्हणाले, हिच्याशी वाद घालू नका, दिशा चुकली तरी ही मागं फिरत न्हाय. आता झाकलेला पाठ उघड.

तुझे मामा बुधवारी कामाला बारामतीला येतायत, त्यांच्या गाडीतून हिरवी ट्रंक पाठवते. उसाचा तक्ताही आत आहे, प्रदर्शनानंतर परत आलेला. पट्टी मी कधी काढली नव्हती, काल काढली. खालचं माझं नाव फिकं झालंय, पण वाचता येतं. तो सगळ्यांत आधी ठेव. त्या गुरुजींनाही कळव, निवृत्त होऊन घरीच असतात. म्हणावं, पाहिजे तर घ्या, या वेळी न्यायला मला विचारायचीसुद्धा गरज नाही.

मे महिन्यात मी शाळेतून निघेन आणि माझ्या जागी कोण येईल ठाऊक नाही. रोज संध्याकाळी ट्रंकेवर हात ठेवून मला रडू यायचं, ते तुला सांगितलं नव्हतं. काल ती भरताना आलं नाही.

ट्रंकेला कुलूप लावलेलं नाही, तेव्हा वाटेत मामांनी काही काढलं का ते बघ. कुलूप मी ठेवून घेतलंय, लाडवांच्या डब्याला लावलं आहे.

माया पूर्वीइतकीच, कुणालाही वाट, पण मूळ कुणाची ते सांग.

तुझी,
आत्या