सासूबाईंचा व्हिडिओ सुरक्षित आहे

३ मे २००७, भाईंदर
पुढच्या आठवड्यात सिंगापूर, मेहुणी हंसाकडे. पेपरात आलंय, परदेशात लॅपटॉप चोरतात, एअरपोर्टवर उघडूनही बघतात. खासगी काही ठेवू नये. सोसायटीत एवढा विचार करणारा मी एकटाच.
नीलिमाचं एकच, आईचा शेवटचा व्हिडिओ तेवढा घ्या. सासूबाई गेल्या तेव्हा हंसाला येता आलं नव्हतं.

९ मे
लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरचं सगळं, सासूबाईंचा व्हिडिओसुद्धा, पेन ड्राइव्हवर टाकलं. दोन सेकंदांत! ड्राइव्ह भारी आहे. मग लॅपटॉप साफ. वर कायमचं पुसणारं सॉफ्टवेअरही चालवलं. आता चोराच्या बापाला काही मिळणार नाही.

१२ मे, एअरपोर्ट
पेन ड्राइव्ह मोज्यात. लंगडतोय. नीलिमा म्हणाली, पाय मुरगळला का? सिक्युरिटी, म्हटलं.
लॅपटॉप कोणी उघडायला सांगितलाच नाही. जरा अपमान वाटला.

१३ मे, सिंगापूर
हंसा टीव्ही बंद करून, रुमाल घेऊन बसली. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फाइल्स दिसतायत, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटा बाण. उघडत एकही नाही. तिचा नवरा निहार वाकून बघत राहिला. मी म्हटलं, लॉक केलंय, इंडियातच उघडतं. हंसा म्हणाली, "भावोजी, मग घरी गेल्यावर पाठवाल ना?" नीलिमा म्हणाली, हे फार जपतात हो सगळं.
 

२० मे, भाईंदर
बाण म्हणजे शॉर्टकट. फाइलचा नुसता पत्ता. फाइल मी पुसली. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं. कणभरही सापडलं नाही. पुसण्याचं काम चोख झालंय. मूळ शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डावर होतं, त्यावर आता गणपतीचे फोटो.
नीलिमाला पुढच्या रविवारी सांगायचं. नक्की.

२७ मे, रविवार
हंसाचा फोन. पाठवतोय, नेट स्लो आहे, म्हटलं. नीलिमाने फोन घेतला, इकडचं तिकडचं बोलून ठेवला. मग म्हणाली, "निहारने मला तिथेच सांगितलं होतं, व्हिडिओ गेलाय म्हणून. हंसासमोर तुमची मान खाली जायला नको, म्हणून गप्प बसले. तिला मी सांगेन काय ते."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "शेवटी आई कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाली होती. मला शब्द नीट आठवत नाहीत. तुम्ही समोर होतात, काय म्हणाली हो?"
शूटिंग मीच केलं होतं. त्या बोलत होत्या तेव्हा मी बॅटरी किती उरली ते बघत होतो.