मुक्काम चौल, मार्क शंभरपैकी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. संध्याकाळी ६

चौलला पोचलो. 'निवांत ज्येष्ठ निवास'. सुपारीची वाडी, मागे नारळ, पुढे लोखंडी गेट. गेट करकरतं. नोंद केली.

मुक्काम तात्पुरता आहे. उरणच्या घरी दोन महिने टाइल्सचं काम चालणार, धुळीने माझा खोकला वाढेल, म्हणून प्रज्योतने ही सोय केली. निघताना चिरंजीव म्हणाले, बाबा, इथे जरा जरी धोका वाटला तर फोन करा, त्याच दिवशी गाडी घेऊन येतो. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय. चौतीस वर्षं केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. धोका मला नाही दिसणार तर कोणाला दिसणार?

अंदाज: आठवड्याभरात घरी. बॅग उघडलेली नाही. फक्त टॉवेल आणि दाढीचं सामान काढलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

रूम पार्टनर: बाळाजी म्हात्रे, वय ब्याऐंशी, मिठागरवाले. ऐकू कमी येतं, बोलणं भरपूर. सकाळी साडेपाचपासून मला मिठाचे प्रकार सांगत होते.

नाश्त्यानंतर चेकलिस्ट तयार केली. वीस मुद्दे, प्रत्येकी पाच मार्क. मग तपासणी. आग विझवायचं सिलिंडर: तारीख मार्चमध्येच संपलेली. जिन्याला कठडा एकाच बाजूला. बाथरूममध्ये धरायला बार नाही, लाद्या गुळगुळीत. आमच्या बेडजवळची बेल मुकी. एकूण ४१. पन्नासच्या खाली म्हणजे सरळ नापास.

रिपोर्ट आणि कोरी चेकलिस्ट, दोन्ही प्रज्योतला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. गाडी चालवत असेल. बहुतेक इकडेच येत असेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अंगठा आला. नुसता अंगठा. कामाच्या माणसाचं असंच असतं.

६ नोव्हेंबर

एक गोष्ट झाली. कारखान्याची सवय. धोका दिसला की चोवीस तासांत लेखी कळवायचं, हे हाडात भिनलंय. काल हात आपोआप चालला आणि रिपोर्टची एक कॉपी मॅनेजर कल्पिता मॅडमच्या टेबलावर गेली. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली. म्हणाल्या, काका, तुम्ही देवासारखे भेटलात, इतकी वर्षं कोणी असं नीट सांगितलंच नाही. घाबरल्या आहेत, स्पष्ट दिसतं.

आज अलिबागहून माणूस आला, सिलिंडर बदलून गेला. इलेक्ट्रिशियनने बेल चालू केली. फेरतपासणीत ५१ आले. निवास पास.

आता बोला! पण हरकत नाही. काठावर पास म्हणजे काही पास नव्हे. प्रज्योतला नवा आकडा कळवायची घाई नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर बेल टेस्टिंग. अकरा वेळा दाबली. येसूबाई (इथली मदतनीस, चौलचीच) सरासरी पावणेचार मिनिटांत हजर. दरवेळी विचारते, काय पायजे काका? मी सांगतो, काही नाही, टेस्टिंग. आठव्या वेळी ती स्टुलावर बसलीच. म्हणाली, पाय दुखतात रे बाबा. मग तिने लेकीच्या सासरचं सगळं सांगितलं. मुक्काम: चौदा मिनिटं. निघताना म्हणाली, बेल कशाला मारतोस, हाक मार, मी हितंच हाय. नियमाच्या दृष्टीने हे चूक आहे. तसं तिला सांगितलं.

प्रज्योत आला नाही. वडखळला ट्रॅफिक असणार. तो निघाला होता की नाही ते विचारलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

नारळाचा मुद्दा. मागच्या वाडीत सगळे फिरायला जातात आणि वर पंधरा-वीस नारळ लटकताहेत. मी लेखी सुचवलं की वाडीत हेल्मेट सक्तीचं करावं. येसूबाई हसून हसून भिंतीला टेकली. म्हणते, नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत न्हाय. बाळाजींचं तेच. बाळाजींना तर बरोबर ऐकू आलं! चौतीस वर्षांत मी असला बचाव ऐकला नव्हता.

मॅडमनी मात्र नारळ उतरवून घेतले आणि फिरायचा रस्ता पलीकडून केला. मार्क ५८.

बॅगेतून शर्ट काढले. चुरगळत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॉक ड्रिल. माझी कल्पना, माझंच नियोजन. दुपारी साडेबाराला आगीची घंटा, तीन मिनिटांत सर्वांनी गेटजवळच्या जांभळाखाली जमायचं. इथल्या शिस्तीचा बोऱ्या वाजणार, रिपोर्टला दणदणीत मुद्दा मिळणार, असा हिशेब.

घंटा वाजली. जांभळाखाली मी एकटा. अठरा मिनिटं उभा होतो. बुधवारी मच्छी असते हे मी लक्षात घेतलं नव्हतं. ताटात तळलेले बांगडे आलेले, उठतो कोण? शेवटी बाळाजी आले, ताट हातात घेऊन. माझ्या शेजारी उभं राहून जेवले. आग कुठेय ते त्यांनी विचारलं नाही. अर्धा बांगडा मला दिला.

सुरक्षेबद्दल अनास्था: शंभर टक्के. प्रज्योतला सविस्तर लिहिलं. उत्तरात हसऱ्या तोंडाची चार चित्रं आणि खाली, बाबा तुम्ही तिथे मस्त रमलात! गैरसमज आहे. दूर करायला हवा.

२५ नोव्हेंबर

दुसऱ्या मॉक ड्रिलला सगळे आले. मॅडमनी वेळ बदलून सकाळी अकराची केली आणि जांभळाखाली चहा ठेवला. दोन मिनिटं पन्नास सेकंद. कारखान्यातसुद्धा एवढं कधी जमलं नव्हतं. मला टाळ्या मिळाल्या. अर्थात मी खूश नाही.

मार्क ७४. हे कोण वाढवतंय?

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

माझा तिथीने वाढदिवस. शहात्तर पूर्ण. चौलच्या दत्ताची जत्रा आजपासून. प्रज्योत आणि रुचिका, म्हणजे सूनबाई, येणार होते. जत्रा करायची आणि तिथूनच परस्पर घरी, असा माझा बेत होता. त्यांना बोललो नव्हतो, ऐनवेळी सांगणार होतो. दहा वाजता बॅग भरून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटजवळच्या बाकावर बसलो. बाक तपासायचाच होता.

दीड वाजता प्रज्योतचा फोन, तो काम करतो त्या पोर्टवरून. पोर्टच्या गेटवर दोन ट्रेलर अडकलेत, रुचिकाला सुट्टी नाही. बाबा, पुढच्या रविवारी नक्की. मी म्हटलं, अरे मलाच वेळ नाही, इथे कामं खूप आहेत.

बाकाचा डावा पाय हलतो.

चारला येसूबाई जत्रेतून आली. प्रसादाचा पेढा आणि पाव किलो खाजा. म्हणाली, काका, तुझ्या नावाचाच देव, खा. खाल्ला. रेकॉर्ड खरं असावं म्हणून लिहितो: आज फार एकटं वाटलं. सगुणा असताना ती आजच्या दिवशी पुरणपोळी करायची आणि मी तिला गॅसच्या नळीची तारीख विचारायचो. काय माणूस होतो मी.

१० डिसेंबर, बुधवार

खबर! सतराला जिल्ह्याहून समिती येतेय, निवासाची तपासणी करायला. मॅडमनी माझी फाईल मागितली. एकूण एक्केचाळीस पानं. म्हणाल्या, तुमच्यामुळेच आम्ही तयार आहोत.

रूमवर येऊन फेरतपासणी केली. ९१. दोन्ही बाजूंनी कठडे, बाथरूमला बार, खरखरीत लाद्या, औषधांच्या डब्यांवर नावं, रात्रपाळीला दोन बायका. बोंबला. प्रज्योतने मला घरी घेऊन जावं, असं एकही कारण मी शिल्लक ठेवलेलं नाही. सगळी माझ्याच हाताने घालवली.

एकच मार्ग उरला. समितीने या निवासाला नापास केलं पाहिजे.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

सापडलं! आमच्या बाथरूममधला कमोडजवळचा बार. वरून ठीक दिसतो, पण खालचा स्क्रू भिंतीत फिरतोय. पूर्ण भार टाकला तर निखळणार. मॅडमना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा एक मुद्दा लेखी कळवला नाही. बुधवारी समितीसमोर बार धरून एकच हिसका देणार. समिती हादरेल, प्रज्योतला फोन जाईल, संध्याकाळपर्यंत मी उरणला. तीन दिवसांचा प्रश्न आहे. मी स्वतः तो बार धरत नाही. काळजी घेतोय.

१४ डिसेंबर. रात्री ८

बाळाजी! बाळाजींचा विचारच केला नव्हता.

प्रज्योत आला नाही. त्याने फोनवर सांगितलं, घरी आज एक काम काढलंय, पुढच्या रविवारी कागदच घेऊन येतो. टाइल्सचं बिल असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

बाळाजींना शुगर आहे. दिवसातून नऊ वेळा बाथरूम. नऊही वेळा मी सोबत. बारच्या बाजूला मी उभा राहतो, त्यांना माझा खांदा देतो. आधी त्यांना नवल वाटलं. मग गहिवरले. म्हणाले, दत्तू, माझ्या पोरांनीपण कधी असा हात दिला न्हाय रे. मग दार अर्धं उघडं ठेवून मला मिठागराच्या बांधाची गोष्ट सांगितली. नऊ वेळा, तीच.

लाज वाटली. पण प्लॅन म्हणजे प्लॅन. अजून दोन दिवस.

१६ डिसेंबर, मंगळवार

दुपारी जेवून डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळाजींची खाट रिकामी. धावलो. या वयात जेवढं धावता येतं तेवढं. ते कमोडवरून उठत होते आणि हात बारकडे निघाला होता. मी ओरडलो, त्यांना ऐकू येत नाही. मागून कमरेला मिठी मारली. दोघं मिळून हळूहळू खाली बसलो, ओल्या लादीवर. बार त्यांच्या हातात आला, स्क्रूसकट.

कोणाला लागलं नाही. बाळाजी हातातला बार बघत म्हणाले, हा सुटलाय वाटतं.

येसूबाई आली आणि दोघांना उठवता उठवता तोंड सुटलं तिचं. मी सगळं सांगून टाकलं. रविवारपासून माहीत होतं, मुद्दाम लपवलं. तिने विचारलं, का पण काका? मी म्हटलं, घरी जायचं होतं. तिने पदराने माझा ओला पायजमा पुसला आणि म्हणाली, मग तसं सांगायचं ना त्याला, बार कशाला?

मॅडमना लेखी कळवलं. उशिरा कळवल्याबद्दल स्वतःविरुद्ध मेमोही दिला. त्यांनी तो घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. संध्याकाळी माणूस ड्रिल घेऊन आला. टॉर्च मी धरला. चार इंची स्क्रू लावायला सांगितले. आता हत्ती लटकला तरी हलायचा नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

समिती आली. तिघे. दोन तास. त्यांचे मार्क ९६. मॅडमनी माझी ओळख करून दिली: आमचे मानद सेफ्टी ऑफिसर. समितीतल्या बाईंनी विचारलं, आजोबा, तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का? खोटं बोलायची सोयच नव्हती. होय म्हणालो. त्यांनी तसं लिहून घेतलं.

येसूबाईचं म्हणणं डोक्यात आहे. रविवारी प्रज्योतला सरळ सांगणार. धोकाबिका काही नाही. मला घरी यायचंय, एवढंच. सोपं वाक्य आहे. तीनदा म्हणून पाहिलं. बाळाजींसमोर म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५

प्रज्योत आला. एकटाच. वाळलाय जरा. चहा झाला, नारळाची वडी झाली. मी वाक्य सुरू करणार तेवढ्यात त्याने खिशातून कागद काढला. माझीच चेकलिस्ट. प्रिंट काढलेली, पेनाने भरलेली.

म्हणाला, टाइल्स झाल्या बाबा. तुम्हाला आणायचंच ठरवलं होतं. रुचिका म्हणाली, आधी बाबांच्या लिस्टने घर तपासू, काय कमी असेल ते करून घेऊ. मागच्या रविवारी दोघांनी पूर्ण दिवस तेच केलं.

नवीन इटालियन टाइल्स: शून्य. त्याच्यावरून रुचिका स्वतःच दोनदा घसरली. जिना दोन मजले, कठडा काचेचा: एक. बाथरूमचं दार आतून अडकतं: शून्य. रात्री हाकेच्या अंतरावर माणूस: शून्य, ती दोघं खाली झोपतात. असे वीसच्या वीस. शंभरपैकी अकरा. बार लावू, कठडा बदलू, बाई ठेवू, असं तो म्हणत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मग त्याने डोळे पुसले. चाळीस वर्षांचा घोडा, सगुणा गेली तेव्हाही माझ्यासमोर रडला नव्हता.

वाक्य बोललो नाही. म्हटलं, घाई नको करू, काम व्यवस्थित होऊ दे. वडखळला ट्रॅफिक व्हायच्या आत नीघ.

तो गेल्यावर कागद पुन्हा तपासला. मार्क नेहमी दुसऱ्याने पडताळायचे असतात. एकोणीस मुद्दे बरोबर. चूक एकच. विसावा मुद्दा: दिवसभरात बोलायला माणूस. तिथे पोराने पाचपैकी तीन दिलेत.

सगुणा गेल्यापासून सकाळी नऊ ते रात्री आठ, त्या घरात मी आणि टीव्ही. तीन वर्षं. त्याला काय माहीत, तो तेव्हा घरी नसायचा.

तीन खोडून शून्य केले. एकूण आठ. खाली सही केली.