चांगल्या लेन्सला लाल टॅग

आप्पा, तुमच्या धाकट्या मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली आहे, सहा आठवड्यांत भरेल असं शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. काळजीचं कारण नाही. पण त्या हाताशी माझा संबंध आहे आणि तो अजून कुणाला माहीत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. दौंडच्या तुमच्या वर्कशॉपच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी सणसवाडीतल्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खोलीत काम करते. तिथे तापमान वर्षभर वीस अंशांवर ठेवतात, आणि बाहेरून आलेला जॉब, म्हणजे तपासायचा भाग, तेवढा थंड व्हावा म्हणून आधी काही तास नुसता ठेवतात, मग मोजतात. तुम्हाला ती खोली आवडली असती. तिथे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तुमच्या शटरला आतल्या बाजूनं खडूच्या रेघा असायच्या. नवं हत्यार घ्यायचं मनात आलं की तुम्ही ते लगेच घ्यायचा नाही. हातातल्या मशीनवर जे काम झालं नाही, जे गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं, त्याची एक रेघ ओढायचा आणि पुढे कामाचं नाव लिहायचा. पंपाचा शाफ्ट, लांबी जास्त. ट्रॉलीचा एक्सल, बसत नाही. लांब बेडचं लेथ मशीन आलं ते अशा दीड वर्षाच्या रेघांनंतर. मी डिप्लोमाला लागले तेव्हा तुम्ही तुमचा मापं घ्यायचा व्हर्नियर मला दिलात, डबीसकट, आणि दुसऱ्याच महिन्यात मी डिजिटल मागायला आले. तुम्ही मशीन बंद केलं नाही. "ह्या व्हर्नियरनं कोणतं काम अडलं?" "अडलं नाही, पण वर्गात सगळ्यांकडे आहे." "वर्गातल्या समद्यांना मिशा बी फुटल्या असतील. तुला पायजेत का?" वर्गात मी एकटीच मुलगी होते. मला राग आला, आणि हसू यायला लागलं म्हणून आणखी राग आला. तुम्ही लोखंडाचा कीस झाडत म्हणालात, "अडू दे. अडल्यावर ये."

कॅमेरा घरात तुम्हीच आणला होता. स्टेशनजवळचा एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून तुम्ही रोलचा, हातानं फोकस करायचा एक जुना कॅमेरा उचललात. छत्तीस फोटोंचा रोल. अठरा मला, अठरा तिला. मी सातवीत, ती चौथीत. मी माझे अठरा दोन महिने पुरवले. प्रत्येक फोटोआधी अंतर पावलांनी मोजायचे. तिनं तिचे एका दुपारीत संपवले. रोल धुऊन आला तेव्हा माझे अठराच्या अठरा स्वच्छ होते. आई दारात उभी आहे. तुम्ही वर्कशॉपच्या पाटीखाली, हात मांड्यांना चिकटवून, कुणी तपासणीला आल्यासारखे. तिचे चौदा वाया गेले. उरलेल्या चारांपैकी एकात तुम्ही लेथवर वाकलाय, कीस उडतोय, आणि कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून मान वळवून हसताय. चेहरा हललेला आहे. ते कुणीतरी म्हणजे तीच. ती तुम्हाला "ए आप्पा, बघ की" म्हणायची; मी "तुम्ही" म्हणायचे, अजूनही म्हणतेय. माझे फोटो बघून तुम्ही म्हणालात, "माप बराबर हाय." तिचा फोटो तुम्ही घरी ठेवलाच नाहीत, लेथच्या वर खिळ्याला टांगलात. शेवटपर्यंत तो तिथे होता, तेलानं पिवळा पडत. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून माझे फोटो पुन्हा मोजले, एवढं आठवतं.

नोकरी लागल्यावर मी पहिला कॅमेरा घेतला, कुणीतरी वापरलेला, सोबत येणारी साधी लेन्स लावलेला. तुमची शटरवरची पद्धत मी कॉम्प्युटरवर आणली. एक तक्ता केला, त्यात एक रकाना "अडलेलं काम" असा. सुरुवातीला तो प्रामाणिकपणे भरायचे. हिवाळ्यात भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. साध्या लेन्समध्ये ते तांदळाच्या दाण्याएवढे दिसत. म्हणून सत्तर-तीनशेची लांब पल्ल्याची लेन्स घेतली. योग्य खरेदी. पहाटेच्या कमी उजेडात जुन्या बॉडीत फोटो दाणेदार येत होता, म्हणून बॉडी बदलली. तीही योग्य. त्यानंतर शंभर-चारशे घेतली, मग मिररलेस बॉडी, मग आणखी मोठ्या सेन्सरची, आणि दर वेळी रकान्यात लिहायला कमी कमी उरत गेलं. शेवटच्या खरेदीपुढे मी "पक्षी, एकूण" असं लिहिलंय. तुम्ही ते खडूनं लिहू दिलं नसतं.

जुनं साहित्य मी तिला देत गेले. लग्न होऊन ती निमोण्याला गेली होती. कांदा, ऊस, दोन म्हशी, आणि मधल्या वेळात फोटो. सगळे मला म्हणायचे, किती करतेस बहिणीसाठी. मीही ते खोडून काढलं नाही. खरं असं होतं की मी नवं घेतलं की जुनं तिच्याकडे जायचं, आणि सहा महिन्यांत ती त्याच टाकलेल्या लेन्समधून असं काहीतरी काढायची की मला वाटायचं, ही लेन्स फार लवकर दिली. किंवा आपली नवी पुरेशी चांगली नाही. मग मी पुन्हा रिव्ह्यू वाचायला बसायचे, भिंतीवर चौकटींचा कागद लावून कोपऱ्यांतली धार तपासायचे. माझ्या रोहित पक्ष्यांचं पीस न् पीस मोजता येतं, आप्पा. ते बघून लोक म्हणतात, "मॅडम, कॅमेरा भारी आहे तुमचा." तिचे फोटो बघून म्हणतात, "वहिनी, फोटो भारी काढला." ह्या दोन वाक्यांतला फरक मी कुणाला कधी बोलून दाखवला नाही.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यात कामगार आणि कुटुंबीयांसाठी फोटोंची स्पर्धा झाली. मी पाच फोटो दिले. तिनं एक दिला, तोही मीच आग्रह केला म्हणून. तेव्हा मला माझी खात्री होती. तिचा पहिला आला. घोडनदीत एक माणूस बैल धुतोय, धुता धुता थांबलाय आणि बैलाच्या वशिंडावर कपाळ टेकून उभा आहे. बैलाचे डोळे मिटलेले आहेत. पाण्याची रेघ दोन अंशांनी कलली आहे, बैलाची शेपटी कापली गेली आहे, आणि तो मी तिला दिलेल्या सत्तर-तीनशेनं काढलेला आहे, लांबून, त्या माणसाला न कळता. तो फोटो मोठा करून कँटीनमध्ये लावला. मी रोज त्याच्यासमोर जेवते. पॅकिंगचा एक बिहारी कामगार ताट हातात घेऊन उभा राहिला होता. "मॅडम, ये आपकी बहन ने खींचा? अपने बाबूजी याद आ गए." मी हो म्हटलं. "और आपका वाला किधर लगा है?" तो मनापासून विचारत होता. मी म्हटलं, भाजी संपेल, घे आधी.

दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा तीच लेन्स पिशवीत घेऊन आली. "ताई, लांबच्या फोटोत जरा पुसट येतंय गं. बघ ना एकदा, तुला कळंल." मी लेन्स सणसवाडीला आणली. कॅमेरा तिवईवर, कागद भिंतीवर, चारी कोपरे, प्रत्येक अंतर. वीस मिनिटांत कारण सापडलं. काच जपायला म्हणून तिनं समोर एक साधा फिल्टर, वरून लावायची काच, बसवला होता, आणि तो धूर धरल्यासारखा झाला होता. तो काढला की लेन्स पहिल्यासारखी स्वच्छ. फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. मी फोन लावला आणि म्हटलं, "आतली एक काच हलली आहे. कंपनीकडे पाठवायला लागेल, पार्ट यायला वेळ लागेल." "अगं बाई. माझ्याकडनं पडली का काय?" "असेल कधीतरी." आम्ही नापास जॉबला लाल टॅग लावतो. खराब जॉब पास झाला तर गिऱ्हाईक बोंब मारतं, चूक सापडते. चांगला जॉब नापास झाला तर कुणाला कळत नाही, तो भंगारात जातो. म्हणून नव्या मुलांना मी दुसऱ्या चुकीबद्दल जास्त बोलते. नऊ वर्षांत माझ्या हातून ती एकदाही झालेली नाही. लेन्स मी माझ्या कपाटात ठेवली, दमट हवा लागू नये म्हणून बंद पेटीत, आणि पाच महिने तिथेच ठेवली. वापरली नाही. मला ती नकोच होती.

चैत्रात निमोण्याची यात्रा. बैलगाड्यांच्या शर्यतीचे फोटो काढायला कमिटीनं ह्या वर्षी तिला बोलावलं होतं. आजवर शिरूरहून फोटोग्राफर यायचा, गावातल्या बाईला पहिल्यांदाच सांगितलं. चार दिवस आधी तिचा फोन आला. "ताई, लेन्स आली का गं?" तेव्हा मी कपाटासमोरच उभी होते. "नाही अजून." "बरं, ऱ्हाऊ दे. जवळनं काढते." मी एवढंच म्हणाले की जवळ जाऊ नकोस. शर्यतीचा तो चढाचा रस्ता, ज्याला तिकडे घाट म्हणतात, त्याच्या अगदी कडेला, दोरीच्या आत ती गुडघ्यावर बसली, कारण छोट्या लेन्सनं दुसरीकडून काही दिसत नव्हतं. एका गाडीचे बैल वाट सोडून कडेला वळले, कडेची माणसं मागे सरली आणि तिच्यावर पडली. बैल तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी निमोण्याला गेले. चुलीपाशी तिच्या सासूबाई भाकरी थापत होत्या, ती पाटावर बसून डाव्या हातानं चहा ढवळत होती. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कवापासनं सांगतीय हिला, लांबनं काढ, लांबनं काढ. तर म्हनती लांबची लेन्स ताईकडं दुरुस्तीला हाय. दुरुस्त झाली न्हाई व्हय अजून?" मी म्हटलं, नाही. बहीण लगेच मध्ये पडली. "अहो आत्या, तिच्यामागं किती कामं. त्यात माझी पीडा." मग मला म्हणाली, "बैलाला मी दिसले न्हाई, मला बैल दिसला न्हाई, फिट्टंफाट झाली." सासूबाईंनी तिला एक शिवी दिली आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती सगळी खाल्ली. कितीतरी वेळा बोलायची जागा आली. मी प्रत्येक वेळी पाण्याचा तांब्या उचलला.

रविवारी मी लेन्स घेऊन जाणार आहे. फिल्टर काढून वेगळा ठेवलाय, तो तिला दाखवीन, आणि पार्ट आला वगैरे म्हणणार नाही. आत काहीच हललं नव्हतं, मी खोटं बोलले, असं सांगीन. ती का म्हणून विचारेल. त्याला माझ्याकडे जे उत्तर आहे ते चुलीपाशी सांगण्यासारखं नाही, पण सांगीन. कदाचित ती हसेल, आणि मला ते सहन होणार नाही. नव्या बॉडीची ऑर्डर मी काल रद्द केली. हे चांगुलपण म्हणून लिहीत नाही, फक्त झालं ते लिहितेय.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. पण एक गोष्ट आहे जी मी तिला रविवारीही सांगणार नाही, म्हणून ती तुम्हाला. निमोण्याला त्या दिवशी मी दारातून आत गेले तेव्हा ती उठून समोर आली. एका हातात कॅमेरा होता, दुसरा हात गळ्यातल्या झोळीत. तिनं दोन्ही माझ्यापुढे धरले. मी आधी कॅमेरा घेतला. शेवटचा फोटो उघडला, मोठा केला, धुळीतून येणाऱ्या बैलाच्या डोळ्यावर फोकस बसलाय का ते पाहिलं. बसला होता. आणखी मोठा करून पाहिला. मग विचारलं, दुखतंय का.