जकात नाक्यावर उतर, असं मी सांगितलं

१८ ऑगस्ट, सोमवार
वरच्या खोलीतल्या हिरुतला येऊन नऊ दिवस झाले. इथिओपियाची मुलगी, एम.एस्सी.ला आलीय. फोन अजून मुका. परदेशी माणसाला सिम द्यायचं तर इथल्या कुणाचा तरी नंबर लागतो, त्यावर कोड येतो. तिनं माझा मागितला. म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.
हे म्हणाले, "उद्या काही झालं तर पोलीस तुझ्या दारात येतील."
खोटं नाही. पण कॉलेजच्या वायफायवरून तिचे मेसेज कधी जातात, कधी नाही. तिच्या आईनं कळवलंय, तुझा आवाज ऐकू येत नसेल तर परत ये.
अजून नंबर दिलेला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
आज ती एकटी नवी पेठेत गेली, चादर आणायला. मी सांगितलं होतं, येताना सहासीटर रिक्षा पकड, जकात नाक्यावर उतर. बाराला यायची होती. दोन वाजले. तीन. फोन लावावा तर कशावर? मी आज रजेवर, फाटकाशी नुसती उभी.
चारला सहासीटर दारात. हिरुत हसत उतरली. ड्रायव्हर माझ्यावरच घसरला.
"पार वळसंगच्या पुढं गावली की ही! नाका, नाका करतीया. ओ ताई, नाका मोडून किती वर्सं झाली? तुमी अजून तितंच उतरताय व्हय?"
उतरतेच. तिथं आता टायरचं दुकान आहे. तरी मला अजून तो आडवा दांडा दिसतो, ट्रकांची रांग दिसते. तिला कुठून दिसणार?

२१ ऑगस्ट, गुरुवार
हिरुतनं आज सकाळी सगळं सांगितलं. वळसंगपुढं मेंढ्या रस्त्यावर आल्या. गाड्या थांबल्या. सगळेच थांबले म्हणून तिला वाटलं, हाच नाका. उतरली. मेंढ्या संपल्या, गाडी गेली, रस्ता रिकामा. मेंढ्यांमागच्या बाईनं सावलीत बसवलं, भाकरी दिली. काहीतरी सारखं विचारत होती म्हणे, "कुटं, कुटं". मातीचा वास आमच्या गावासारखा, असं म्हणाली. हे आईला सांगायचं होतं तिला.
ऑफिसात दिवसभर कागद पुढ्यात आणि त्यावरून मेंढ्यांच्या पांढऱ्या-काळ्या पाठी सरकतायत, संपतच नाहीत. काल मी कुणासाठी घाबरले? तिच्यासाठी, की माझं नाव येईल म्हणून? प्रामाणिकपणे लिहायचं तर…

२२ ऑगस्ट, शुक्रवार
नंबर दिला. ह्यांना सांगितलं, विचारलं नाही. हे म्हणाले, "मग मला सांगतेस कशाला?" चहा मात्र घेतला.
सिमच्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, कोण ही तुमची?" मी 'भाडेकरू' म्हणाले. ते खरंच आहे. तरी चुकल्यासारखं वाटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
सिम चालू झालं. संध्याकाळी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते, हिरुत आईशी बोलत होती. एक शब्द कळत नव्हता, तरी हात थांबला. वाऱ्यावर साडी फुगून माझ्या तोंडावर येत होती, तिच्या पलीकडून तो आवाज.
मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. तिच्या आईंनी सावकाश काहीतरी विचारलं.
हिरुत म्हणाली, "आई विचारतेय, ही पुन्हा हरवली तर तुम्ही शोधायला जाल का? मग ती ठरवेल, मी इथं राहायचं की परत जायचं."
मी साडी तोंडावरून बाजूला केली. मग 'हो' म्हटलं.
एवढंच. हिरुतनं मात्र ते आईला सांगायला बराच वेळ घेतला.